अक्का, पहिला घास तुमचा

अक्का, पाव्हण्यांची मालिका संपली. रविवारी दुपारी शेवटचा भाग आला. जेवणं उरकली, ओटा पुसला आणि सवयीनं मी जिना उतरून खाली तुमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. पलंगावर दादांचे धुतलेले कपडे पडले होते, घडी घालायचे राहिलेले. तेव्हा कुठं भानावर आले. तशीच वर गेले आणि एकटीनं बघितला.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला माणसं अजून येतात. खुर्चीत बसतात, पाण्याचा पेला हातात धरून म्हणतात, "लई गुणाची बाई. कधी कुणाला तोशीस नाय दिली." मी मान हलवते आणि आतल्या आत माझा संताप होतो. कारण ह्या तोशीस न देण्यानंच तुम्हाला नेलं असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, झालं, मास्तरीण सुरू झाली. असू दे. जाऊ म्हणून ह्या घरात आल्यापासून मी तुमच्याशी भांडतेय. आज भांडण अर्ध्यात सोडून चहा टाकायला उठणारं कुणी नाही, तेव्हा पुरतं ऐकून घ्या.

आपल्या भांडणाचं मूळ म्हणजे हे पाव्हणे. शाळा बंद होत्या, सगळं जग घरात कोंडलेलं होतं, तेव्हा माझ्या अनूनं मोबाइलवर एक कोरियन मालिका लावून दिली. माणसं तिकडची आणि बोलणं हिंदी. तुम्ही सुपात ज्वारी पाखडत होतात. पहिले दोन दिवस तुमची एकच कुरकुर, सगळे सारखेच दिसत्यात, कोण कुणाचा ते कळंना. मग एका भागात समुद्राकाठच्या एका खाणावळीत एक माणूस आला. छोटंसंच काम होतं त्याचं. दारात बूट काढून नीट जोडून ठेवले, अंगावरचा बर्फ झटकला आणि भिंतीला टेकून कोपऱ्यात बसला. बाकीच्यांचं रडणं-भेकणं चालू होतं. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, "घरात पाव्हणा आलाय आन् कुणी पाणी बी इचारंना."

तेव्हापासून ते पाव्हणे. त्यांचं खरं नाव अनूनं आपल्याला पुष्कळदा शिकवलं, पण ते तुमच्या जिभेवर बसलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. जन्मात कधी दादांचं, स्वतःच्या नवऱ्याचं, नाव न घेतलेल्या बाईला ह्यांच्या नावाची काय मातब्बरी. घरात मात्र घोटाळे व्हायचे. "सोमवारी पाव्हणे येणार" असं आपलं बोलणं ऐकून दादा एकदा चितेगावहून कंपनीतनं येताना पेढे घेऊन आले होते. ते पेढे आपण दोघींनी मालिका बघत संपवले.

पाव्हणे आपल्याला भेटले तेव्हा त्यांचं निम्मं आयुष्य सिनेमात गेलेलं होतं. स्थळ आलं की मुलाची माहिती काढतात, तशी आपण त्यांची काढली. मासेमारीच्या गावातला मुलगा, वडील लवकर गेलेले, राजधानीत येऊन वर्षानुवर्षं नाटकात पडेल ते काम केलेलं. मग सिनेमात गर्दीत उभं राहणं. एका जुन्या सिनेमात ते वेटर होते, हातात ताटली आणि कॅमेऱ्याकडे पाठ. अनूलाही ओळखू आले नव्हते. तुम्ही म्हणालात, खांदा बघ, एक बाजू कलती आहे, तेच हायेत. थोडं मागं नेऊन पाहिलं तर तेच होते. त्यानंतर मधली दोन वर्षं काहीच काम नाही म्हणून तुम्हाला घोर लागला. आजारी पडले असतील, कुणी फसवलं असेल. तिकडं सगळ्याच पोरांना सैन्यात जावं लागतं असं अनूनं सांगितलं तेव्हा कुठं तुम्ही त्या दिवशी धड जेवलात.

ते सिनेमे हिंदीत नव्हते. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून मी तुम्हाला मराठीत सांगायचे. मास्तरकीची खोड, एका वाक्याची मी चार करायचे. पाव्हणे आईच्या उशाशी बसून काहीतरी बोलले आणि मी तुम्हाला ऐकवलं, आई, तू माझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्यास, मी तुझं ऋण कसं फेडू. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "शैले, एवढं लांब नाय बोलला तो. मी तोंड बघत व्हते. दोनच शब्द बोलला." खरंच दोनच होते. ‘जेवलीस का?’ एवढंच विचारलं होतं त्यानं. पुढं मी वाढवून सांगायला लागले की तुम्ही नुसतं हं करायच्या आणि म्हणायच्या, राहू दे, पुढं चालव.

सैन्यातून आल्यावर पाव्हण्यांना जरा बरी कामं मिळायला लागली, आणि तिथंच आपलं फाटलं. त्या मालिकांत एक ठरलेला माणूस असतो. नायक तिरसट, आढ्यताखोर, पण मुलगी शेवटी त्याचीच होते. आणि एक दुसरा असतो. तिच्या तापात औषध आणतो, थंडीत स्वतःचा कोट देतो, सगळं ऐकून घेतो, आणि शेवटच्या भागात हसून बाजूला होतो. पाव्हण्यांनी मालिकेमागून मालिका तेच केलं. दरवेळी मुलगी नायकाबरोबर निघून जायची आणि हे रस्त्याच्या कडेला उभे. तुमचे डोळे भरून यायचे. "ज्यानं सोडलं त्याचंच मन मोठं," असं तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचे, मन मोठं नाही अक्का, तोंड उघडायची सवय नाही. एकदा तरी विचारलं का तिला? ‘मला तू हवी आहेस’ एवढं बोलायला काय जातं? त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं, इचारायचं कशाला, तिला दिसत नाय का?

नाही दिसत, अक्का. सांगितल्याशिवाय कुणाला काहीही दिसत नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते.

मग त्यांनी खलनायकाचं काम घेतलं आणि तुम्ही ती मालिका बघायला साफ नकार दिलात. पोराबाळांच्या तोंडचा घास काढणारा बिल्डर, थंड डोळ्यांचा. माझ्या मते त्यांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. पहिल्यांदाच तो माणूस काहीतरी मागत होता, हिसकावून का होईना. तुम्ही आठवडाभर वर आला नाहीत. मग एके दिवशी ताकाचा तांब्या घेऊन आलात, दारातच थांबलात, आणि पडद्याकडे पाठ करून म्हणालात, "पोटासाठी करत आसतील बिचारे." त्यानंतर पाठ करूनच तुम्ही मालिका ऐकली, सगळीच्या सगळी.

वय वाढलं तसे ते नायकाचे बाप झाले. ह्याचं तुम्हाला फार लागलं. कालपर्यंत नवरदेव होता आन् आज सासरा केला, असं चार जणींत सांगायच्या. केस पांढरे केलेले आहेत, मुळात काळे आहेत असं मी समजावलं तर म्हणाला होतात, रंग धुतल्यावर तरी कोण इचारतंय त्यांना. तिकडच्या एका मुलाखतीत ते हसत हसत म्हणाले होते की जेवणाचे प्रसंग सगळ्यात अवघड. गार झालेलं तेच ते अन्न पुन्हा पुन्हा खावं लागतं आणि पहिल्यांदाच खातोय असा चेहरा करावा लागतो. हे मात्र मी वाढवून सांगितलं नव्हतं.

जेवणाचं निघालंय तर तेही बोलून घेते. त्या मालिकांत तुम्ही काय हेरलंत, तर घरातलं सगळ्यात थोरलं माणूस चमचा उचलेपर्यंत कुणी घास घेत नाही. भूक लागली तरी सगळे ताटाकडे बघत थांबतात. तुम्हाला ह्याचं फार कौतुक. आणि आपल्या घरात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना वाढून, तव्यावरची शेवटची भाकरी शेकून, पातेल्याच्या बुडाशी राहिलेली येसराची आमटी घेऊन तुम्ही ओट्याला टेकून जेवायच्या. बहुतेकदा उभ्यानंच. एकदा मी हट्टानं तुमचं ताट आधी वाढलं, सगळ्यांना हात आखडून बसवलं आणि म्हटलं, घ्या, पहिला घास तुमचा. तुम्ही लाजून लाल झालात. नातीला, ओवीला, मांडीवर ओढलंत आणि तो घास तिच्या तोंडात घातलात. सगळे हसले. मी नाही हसले.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

दिवाळीपासून तुमच्या पोटात दुखत होतं. हे आम्हाला उन्हाळ्यात कळलं. मधल्या काळात तुम्ही ओव्याचं पाणी प्यालात, पाठीला उशी लावून बसलात, भाकरी अर्धी केलीत आणि ‘आता भूकच नाय राहिली वयानं’ असं सांगत राहिलात. अनूचं लग्न ठरलं होतं. रुखवत तुम्ही केलंत, हळद तुम्ही दळलीत, विहिणींची उठबस तुम्ही केलीत. मांडव उतरला, अनू सासरी गेली, पाहुणे पांगले, आणि मग एका दुपारी पाव्हण्यांचा भाग चालू असताना तुम्ही साधं विचारल्यासारखं म्हणालात, शैले, डोळे पिवळे दिसत्यात का गं माझे? मी उजेडात नेऊन बघितलं. हळदीसारखे पिवळे झाले होते. किती दिवस दुखतंय विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, आणि मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही म्हणालात, "लगीनघर व्हतं. त्यात माझं कुठं काढायचं?"

माझ्याच लेकीचं लग्न, अक्का. ह्याचं मी काय करू, ते मला कुणी सांगत नाही.

क्रांती चौकाजवळच्या त्या दवाखान्यात बसलेलो ते आठवतं ना. खाली हॉर्नचा कालवा चाललेला, दादा कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेले. डॉक्टर तपासण्या बघून माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत बोलले. तुम्ही मला विचारलंत, काय म्हणत्यात? मी सांगायला लागले. पित्ताच्या नळीला सूज आहे, नळी टाकून कावीळ उतरवतील, मग ताकद आली की पुढचं औषध चालू करतील, घाबरण्यासारखं काही नाही, वेळ लागेल पण. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. नजर डॉक्टरांवर होती. माझं संपल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "शैले, एवढं लांब नाय बोलले ते. मी तोंड बघत व्हते."

दादा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. तुम्ही पदर सारखा केलात, माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "राहू दे. पुढं चालव."

तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगते. दोनच शब्द होते. उशीर झालाय. तुम्हाला ते कळलं होतं आणि तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं, तरी आपण दोघींनी पुढचे दिवस नळीबद्दल, पथ्याबद्दल आणि पाव्हण्यांबद्दल बोलून काढले.

कारण नेमकी तेव्हाच त्यांची नवी मालिका सुरू झाली होती. पन्नाशीला आलेल्या माणसाला पहिल्यांदाच नायकाचं काम. बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा एकटा माणूस आणि शिवणकाम करून पोरगा वाढवलेली विधवा बाई. तुम्हाला कोण आनंद झाला. उशी पाठीशी घेऊन, नाकातली नळी सावरत तुम्ही आलेला प्रत्येक भाग बघितलात. पोरगा तिला परदेशी घेऊन जाणार हे दिसायला लागल्यावर आपला वाद पुन्हा पेटला. मी म्हटलं, ह्या वेळी ते बोलणार. एवढी वर्षं मागं सरून आता नायक झालेत, आता तरी बोलतील. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. "नाय बोलायचे. बाईचा पोरगा हाये, तिचं घर हाये. मधी नाय पडायचे ते." बघूच, मी म्हणाले. बघूच, तुम्हीही म्हणालात. चार भाग राहिले होते.

पहाटे दादांनी मला हाक मारली, तुम्ही त्यांना मारली नव्हती. कण्हलाही नाहीत म्हणे. पाण्याचा पेला हाताशी होता तो तसाच भरलेला. पाणी मागायलासुद्धा कुणाला उठवलं नाहीत, अक्का. शेजारी नवरा झोपला होता, वर मी होते.

तर रविवारी शेवटचा भाग. बाई बॅग घेऊन बसमध्ये बसली. पाव्हणे रस्त्याच्या कडेला उभे, तेच हसू, तोच कलता खांदा. बस सुटली. मला वाटलं, जिंकलात तुम्ही. आणि ते धावले. पन्नाशीचा माणूस, धापा टाकत, बसच्या पत्र्यावर हात बडवत. बस थांबली. ते वर चढले, श्वास पुरेना, सगळी बस बघत होती, आणि ते तिला म्हणाले, "मत जाओ." दोनच शब्द. तोंड मी नीट बघितलं, तिकडच्या भाषेतही तेवढेच असावेत.

वाद मी जिंकले. मोबाइल बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. हर्सूलच्या तलावाकडून वारा येत होता, खाली तुमच्या तुळशीला दादा पाणी घालत होते, नको तेवढं. त्यांना सांगावंसं वाटलं, पण त्यांना पाव्हणे म्हणजे पेढेच आठवतात. मी किती तरी वेळ तिथंच रडत होते. मालिकेतली बाई थांबली म्हणून की तुम्हाला कुणी ‘जाऊ नका’ म्हटलं नाही म्हणून, ते मला वेगळं करता येत नाही. आम्ही म्हटलं असतं हो. पण तुम्ही निघालात हेच आम्हाला कळू दिलं नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती तेराव्याची. ती तुम्ही बघितलीत की नाही मला माहीत नाही.

तुमचं पान मी स्वतः वाढलं. येसराची आमटी, धपाटी, खीर, वडे, शेंगदाण्याची चटणी, सगळं ताजं आणि गरम. पातेल्यातला पहिला डाव तुमच्या पानावर. गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलं. खाली मांडवात माणसं ताटावर बसलेली, आत सोयरे, जिन्यात पोरं, आणि कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. मी बघत होते आणि मला एकदम जाणवलं, सगळं घर तुमच्या पहिल्या घासासाठी थांबलंय. अगदी त्या मालिकांतल्यासारखं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता तरी.

कावळा येईना. रोज तुमच्या हातची भाकरी खाणारे तेच कावळे तारेवर बसून होते, माना वाकड्या करून बघत होते, पण खाली उतरेनात. तुमच्या महेशनं हात जोडले आणि सांगितलं, आई, दादांना अंतर देणार नाही. नाही आला. अनू म्हणाली, काकू, मी सुखात आहे. नाही आला. मग दादा पुढं झाले. आमच्यापैकी कुणीही त्यांच्या तोंडून कधी तुमचं नाव ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "सुभद्रे, जेव आता." कावळ्यांनी जागा बदलली, तेवढंच. मग मी म्हटलं, अक्का, आज तुमच्या आधी कुणी जेवणार नाही, मी जेवू देणार नाही. ऊन चढत होतं. खिरीवर साय धरली. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू या. मी म्हटलं, थांबा.

ओवी माझा पदर ओढत होती. भूक लागली म्हणत होती. मी तिला सांगितलं, थांब राणी, आज आधी आजी जेवणार, मग आपण. चार वर्षांची पोर ती. मी काहीतरी चुकीचं शिकवतेय अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी तर मला भरवल्यावर जेवती."

मी तिला उचललं आणि खाली स्वयंपाकघरात आणलं. तुम्ही उभ्या राहायच्या तिथं ओट्यावर बसवलं. वरण-भात कालवला, तूप घातलं, फुंकर मारून पहिला घास तिच्या तोंडात दिला. तिनं तो गिळला न गिळला तोच गच्चीवरून महेशची हाक आली, "काकू, शिवला!"

खाली मांडवात वाढप सुरू झालं. मी ओवीला दुसरा घास भरवला, मग तिसरा. जाऊनसुद्धा तुम्ही माझं ऐकलं नाहीत, अक्का.